न उमललेली अळंबी

अळंबी इथूनतिथून सारखीच, असं पिंपळनेरकडच्या डोंगरात कोणी म्हणत नाही. छत्रीसारखी उघडली की ती बाजारात न्यायची. अर्धी मिटलेली कालवणाला चांगली. पण वारुळाच्या पोटातून उकरून काढलेली, अजून न उमललेली घट्ट कळी मिळाली, तर तिच्यापुढे मटणही नको वाटतं.

अशा कळ्या देणारं एक वारूळ जामसिंग आबाला ठाऊक होतं. त्याची जागा बाप मुलालाच सांगतो, अशी रीत. आबाचा मुलगा तापात गेला, मागे सून भुरीबाई आणि नात मोगरा राहिल्या. आबाची नजरही गेली. आता ती जागा मोगराला मिळावी, एवढंच भुरीबाईचं मागणं होतं.

"पोर परघर जाई," आबा म्हणाला. "जागा मी दिवल्याले सांगी दिनी."

दिवल्या त्याचा पुतण्या. इतका आळशी, की उन्हं वर आल्याशिवाय हलायचा नाही. तोवर कळ्या उमलून, किडे पडून लिबलिबीत झालेल्या असायच्या. त्या ताटात आल्या की आबा एक घास चावून ताट सरकवायचा.

भुरीबाईला राग आला, आणि तिचा राग रडून संपणारा नव्हता. माझ्या पोरीला जागा नाही? मग मी शोधते. पाय काट्यांनी सोलवटले, तरी ती रोज पहाटे नवी वारुळं धुंडाळत राहिली. बायका हसल्या. हसू देत. शेवटी ओहोळापलीकडे एका वारुळाची माती तिला भेगाळलेली दिसली. तिनं विळ्यानं उकरलं. आत पांढऱ्या, बोटाएवढ्या कळ्या होत्या.

लसूण-मिरचीत परतून, नागलीच्या भाकरीबरोबर तिनं त्या आबापुढे ठेवल्या. आबा कितीतरी वेळ नुसता चावत राहिला. मग एक कच्ची कळी मागून घेतली, हुंगली, चाचपली.

"ह्या कोठून लयनी?"

"जागा मोगराले दखाडी उनू. तुम्हले नही सांगाव."

आबाचा चेहरा उतरला. भुरीबाईला बरं वाटलं. का वाटू नये? पण म्हाताऱ्याचं बोट कळीच्या देठावरच्या कापावर अडलं होतं.

"विळा लावा का व?"

"हाव," ती म्हणाली.

"लोखंड लावत ऱ्हायनी तं वारूळ मरी जाई. हाई मी दिवल्याले बी नही सांगं." त्यानं कळी तिच्या हातात ठेवली. "मोगराले बलाव. लाकूडनी काडी कशी धरतस, तिले दखाडसू."