हाताला काय झालं?

दुकान का चालत नाही, याचं ताईकडे रोज एक नवं कारण तयार असायचं. आज काय तर लोकांना लोकरच नकोय, उद्या काय तर फोटो फिके येतात, परवा काय तर सगळ्या जगाला मशीनवरचा स्वस्त माल हवाय. यातलं एकही कारण तिने कोणाला विचारून काढलं नव्हतं. पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसून, खोक्यांना चिकटपट्टी लावता लावता मनानेच ठरवलेली सगळी. आई विणायची, ताई विकायची. तान्ह्या बाळांच्या टोप्या, मोजे, स्वेटर. दुकान म्हणजे एक वेबसाइट, लेबलं छापायचं एक यंत्र आणि भिंतीला टेकलेली लोकरीची दोन कपाटं. एवढाच पसारा.

शेवटी वैतागून तिने एक ऑनलाइन वर्ग लावला. शिकवणारा चष्मेवाला वाक्यागणिक एक तरी आकडा फेकायचा, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं आकडेबुवा. पहिल्याच तासाला तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही डोळे झाकून दुकान चालवताय. गिऱ्हाईक दारातून परत का जातंय, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही फक्त चिडताय."

ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण त्याने सांगितलेलं साधन तिने त्याच दिवशी वेबसाइटला जोडलं, कारण चिडण्यापलीकडे आपण खरंच काही करत नाही, हे तिलाही आतून कळत होतं.

आणि ते साधन होतं मात्र भारी! कोण कुठल्या शहरातून आलं, कुठल्या पानावर किती वेळ थांबलं, कुठून पळालं, सगळं दिसायचं. प्रत्येकाच्या फिरण्याचं चित्रीकरण व्हायचं. माणूस दिसायचा नाही, नुसता त्याच्या माउसचा बाण इकडेतिकडे हिंडताना दिसायचा. वर शोधायची चौकट होती, तिच्यात कोण काय टाइप करतं तेही अक्षर न् अक्षर कळायचं. लिहून खोडलेलंसुद्धा.

आई जवळ खुर्ची ओढून बघत बसली. "एवढं सगळं कळतं? त्या बिचाऱ्यांना ठाऊक असतं का?"

"खाली बारीक अक्षरात लिहिलंय की."

"म्हणजे नसतं," आई म्हणाली आणि विणायला लागली.

पहिल्याच आठवड्यात ताईची सगळी कारणं बाद झाली. लोक टोपीपर्यंत नीट यायचे, मापाशी येऊन अडायचे, आणि तिथून निघून जायचे. का, तर हिने लिहिलं होतं लहान, मध्यम, मोठं. आणि शोधायच्या चौकटीत लोक लिहीत होते, 'सहा महिन्यांचं बाळ', 'नऊ महिने', 'न टोचणारी लोकर'. अरे देवा! इतकं साधं! तिने एका दुपारी सगळी मापं महिन्यांत लिहून काढली, लोकर मऊ आहे हे पहिल्या ओळीत घातलं, आणि पंधरा दिवसांत लेबलांचं यंत्र दिवसभर कुरकुरायला लागलं. ताई खूश. वर्षानुवर्षं ज्या लोकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, ते बापडे फक्त बाळाचं वय विचारत होते.

मग एक दिवस त्याच चौकटीत ओळ आली, 'हाताला काय झालं'.

ताईला आधी वाटलं, कोणाची तरी चुकून पडलेली ओळ असेल. पण मग तिने शहर बघितलं आणि तिचा हात तिथेच थांबला. लांबचं शहर. धाकटा भाऊ तिकडेच असतो, एवढंच घरात माहीत होतं. पत्ता नव्हता, नंबर त्याने बदलला होता. सहा वर्षं झाली होती.

दुकानाच्या वेबसाइटवर आईच्या व्हिडिओंचं एक पान होतं. टाका कसा उचलायचा, उसवलेली कड कशी सावरायची, असं काहीबाही. आईने तोंड दाखवायला साफ नकार दिलेला. "माझं तोंड काय बघायचंय? हात बघा म्हणावं." म्हणून व्हिडिओत नुसते हात आणि आवाज. त्या महिन्यात आई न्हाणीघरात घसरली होती आणि उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. तरी बाईंनी हट्टाने डाव्या हाताने सुई धरून व्हिडिओ केलाच.

ताईने मागचं उकरून काढलं. त्या शहरातून कोणीतरी रोज दुपारी यायचं, साधारण जेवणाच्या सुट्टीच्या वेळी. टोप्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही. थेट आईच्या पानावर जायचं, एक व्हिडिओ पूर्ण बघायचं, आणि जायचं. साधन जोडल्या दिवसापासून एक दिवस चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ओळ आली, 'प्लास्टर कधी काढणार'. तिसऱ्या दिवशी, 'ताई हे तुला दिसतं का'.

धाकट्याचं पोटच संगणकावर. दुकानदाराला चौकटीतलं वाचता येतं, हे त्याला चांगलं माहीत. फोन करायला तोंड नाही, पत्र लिहायला हात धजत नाही, म्हणून साहेब तान्ह्या बाळांच्या मोज्यांच्या दुकानात येऊन आईची खुशाली विचारत होते. आणि दुकान दरवेळी त्याला छापील उत्तर देत होतं, 'माफ करा, काहीही सापडलं नाही'.

खरं तर इथेच कोणीही उठून आईकडे धावत गेलं असतं. ताई नाही गेली. तिचं डोकंच फिरलं. सहा वर्षांपूर्वी बाबा अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. अकरा दिवस ही प्लॅस्टिकच्या खुर्चीत झोपली. धाकट्याला सुट्टी मिळत नव्हती, तिकीट मिळत नव्हतं, काय काय मिळत नव्हतं. तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात बॅग घेऊन उभा राहिला, तेव्हा घरभर माणसं असताना ही मोठ्याने म्हणाली होती, "पाहुणे आलेत, पाणी द्या त्यांना." तो उंबऱ्यावरूनच मागे फिरला. पुन्हा म्हणून आला नाही. आईने त्याबद्दल ताईला एका शब्दाने कधी विचारलं नाही, आणि तेच ताईला सहा वर्षं टोचत होतं. बोलली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. नोकरी सोडली कोणी? आईला न्हाणीघरातून उचललं कोणी? आणि हा तिकडे बसून व्हिडिओ बघतोय! बघतोय म्हणजे जणू उपकार करतोय!

आकडेबुवाने शिकवलं होतं, गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही. जे शोधून सापडत नाही, त्या शब्दाला आपण उत्तर लावून ठेवायचं. कोणी 'नऊ महिने' लिहिलं की त्या मापाचे स्वेटर दिसले पाहिजेत. ताईने 'हात', 'प्लास्टर' आणि 'ताई' या तीन शब्दांना उत्तर लावलं. लिहिलं, 'घरातल्या गोष्टी आम्ही पाहुण्यांना सांगत नाही'. एकदा वाचलं, आणि बटण दाबलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं तिला. त्या दिवशी ती चक्क दोन घास जास्त जेवली.

दुसऱ्या दिवसानंतर त्या शहरातून कोणी आलं नाही. गेला उडत, ती म्हणाली. तिसरा दिवस तसाच गेला. चौथ्या दिवशी ती दुपारभर दर दहा मिनिटांनी आकडा बघत राहिली, आणि दोन पार्सलांवर एकमेकांची लेबलं चिकटवून बसली. पाचव्या दिवशी तिने त्याच्या शेवटच्या फेरीचं चित्रीकरण उघडलं.

बाण आईच्या पानावर आला. व्हिडिओ पूर्ण चालला. मग बाण वर गेला आणि चौकटीत अक्षरं उमटली, 'हात बरा झाला का'. खाली तिचं उत्तर आलं. बाण थांबला. ताई बघत राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन, चार. बाण तसूभर हलला नाही. मग चौकटीतला प्रश्न पुसला गेला आणि तिथे आलं, 'चुकलो ग ताई'. ते एकेक अक्षर करून खोडलं गेलं. मग आलं, 'आईला सां'. तेही खोडलं. मग पान बंद झालं.

ताईने तोंडावर हात दाबला. लाज वाटली तिला स्वतःची, जन्मात वाटली नव्हती एवढी. शब्द तर तिने आयुष्यभर फेकले होते, पण ते समोरच्याला कुठे आणि कसे लागतात, हे तिला कधी बघावं लागलं नव्हतं. या साधनाने नेमकं तेच दाखवलं, वेळेसकट.

तिने ते उत्तर तातडीने पुसलं. त्या जागी लिहिलं, 'आई बरी आहे. तुझी वाट बघते. फोन कर', आणि खाली घरचा नंबर. पण ते दिसायला त्याने येऊन काहीतरी शोधायला हवं होतं, आणि तो येतच नव्हता. दोन दिवसांनी तिने तेच थेट पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लावलं. गिऱ्हाइकांचे निरोप आले, दुकान बंद झालं का? कोणी गेलं का? एकीने तर विचारलं, हा ऑफरचा भाग आहे का. त्या शहराच्या नावापुढे मात्र रोज शून्य.

मग तिने आईला सांगितलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आई मोजा विणत होती. प्लास्टर निघालं होतं, पण बोटं अजून आखडत. तिने सुया मांडीवर ठेवल्या.

"रोज यायचा?"

"रोज."

"आणि हाताचं विचारलं त्याने?"

"हो."

"मला दाखव."

ताईने चित्रीकरण लावलं. आईने चष्मा पुसला, खुर्ची पुढे घेतली. बाण आला तशी ती म्हणाली, "हाच का तो?" जणू दारातून कोणी आत आलंय. व्हिडिओ चालू असताना ती स्वतःच्या हातांकडे बघत नव्हती, बाणाकडे बघत होती. मग प्रश्न आला, मग उत्तर आलं. आईने ते हळूहळू वाचलं. ताई मागे उभी राहून वाट बघत होती, की आता तरी आई वळेल आणि काहीतरी म्हणेल. आई वळली नाही. बाण थांबला होता ती चार मिनिटं तीही तशीच बसून राहिली. शेवटी म्हणाली, "परत लाव."

मग ते रोजचंच झालं. दुपारी जेवण आटोपलं की आई पदराला हात पुसत टेबलाशी येऊन बसायची. ताई पार्सलं बाजूला सारून तेच चित्रीकरण लावायची. एकदा, कधी दोनदा. आईने त्याच्यासाठी एक व्हिडिओही केला. या वेळी आपणहून तोंड दाखवलं, केसांना तेल लावून, धुतलेली साडी नेसून. "माझा हात बरा आहे. तू जेवत जा वेळेवर," एवढंच बोलली. तो व्हिडिओ खूप बघितला गेला. आजवरच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त टोप्या त्याच्यामुळे खपल्या. बायकांनी खाली डोळ्यांत पाणी आल्याचं लिहिलं. त्या शहरातून एकानेही तो उघडला नाही.

दुकान आता असं चाललं होतं की बघत राहावं. कोण कुठून येतं, कशाला येतं, का थांबतं, सगळं ताईला स्वच्छ दिसत होतं. ती टेबलाशी बसायची आणि तिला ते सगळं फेकून द्यावंसं वाटायचं.

त्या साधनाची अजून एक गोष्ट होती, ती तिने उशिरा वाचली. चित्रीकरण तीस दिवस राहतं. पुढे आपोआप पुसलं जातं. तिने आकडेबुवाला फोन लावला, जतन करून ठेवायची काही सोय आहे का म्हणून. "मॅडम, जुन्या फेऱ्या कशाला हव्यात? नव्या गिऱ्हाइकांकडे बघा." तिने त्या कंपनीला लिहिलं. तिकडून छापील उत्तर आलं. मग तिने मोबाइल हातात धरून पडद्याचं चित्रीकरण करून बघितलं, तर त्यात उजेडाचा पट्टा आला आणि बाण काही दिसेना. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

तिसाव्या दिवशी आई नेहमीसारखी येऊन बसली. चित्रीकरण झालं. ताईने दुसऱ्यांदा लावलं, आणि न मागता तिसऱ्यांदाही लावलं. मग ती आईच्या खुर्चीजवळ खाली बसली.

"आई, उद्यापासून हे दिसणार नाही."

आईने चष्मा काढला. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने ताईकडे असं थेट बघितलं.

"का ग?" ती म्हणाली. "हेही तूच केलंस का?"