शुक्रवारी आलेला संत जोसेफ

१९५४ च्या सणातून बकारामला तीन गोष्टी मिळायच्या होत्या. संत जोसेफच्या पालखीचा पुढचा उजवा दांडा, ही पहिली. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या वेळी अगदी पुढची जागा, ही दुसरी; एरवी तो दाराशी बसे, कारण मधेच तंबाखू थुंकायला बाहेर जावं लागे. तिसरी सगळ्यांत मोठी, ती म्हणजे आमगावचा खुशाल. पिपळटोल्यात कॅथलिक घरं सात, त्यांतली पाच एकमेकांच्या नात्यातली. लेकीसाठी, धुरपतासाठी, मुलगा शोधायचा तर आगगाडीत बसणं भाग होतं. खुशालचा मुलगा रेल्वेत गँगमन. धुरपतानं त्याला नाताळात पाहिला होता आणि त्यानंतर तीन आठवडे ती कोणाशी भांडली नव्हती. सणाच्या पंगतीला येऊन काय ते सांगतो, असा खुशालचा निरोप होता.

या सगळ्यापायी बकारामचा जाणार होता एक बकरा. दरवर्षी चिठ्ठी टाकून मानकरी निघे आणि तो साऱ्या गावाला जेवू घाली. सात घरांनाच नाही, हिंदूंच्या चाळीस घरांनाही. नारळ तेही जोसेफबाबाला वाहत. यंदाची चिठ्ठी बकारामची निघाली होती. त्यानं वर्षभर बकरा पोसला, आणि तो पोसताना आदल्या वर्षीच्या मानकऱ्याला, मंगरूला, त्यानं पंगतीत वाढलेल्या लाखोळीच्या डाळीवरून वर्षभर टोमणे मारले.

बुधवारी सणासाठी फादर सौंदड स्टेशनला उतरून बैलगाडीनं आले. बकारामनं पाणी द्यायच्या आधी बकरा दाखवला.

"छान आहे. ईस्टरसाठी?" फादरांनी विचारलं.

"नाही जी, परवासाठी. बाबाच्या सणाले."

"परवा शुक्रवार आहे, बकाराम. चाळीस दिवसांच्या उपासातला शुक्रवार. मटण चालत नाही."

"रविवारी उपास सुटते ना जी? मंग बाबाच्या सणालेबी सुटलाच."

ही समजूत एकट्या बकारामची नव्हती, साती घरांची होती. गावातलं चर्च चार वर्षांचं. तेवढ्यात एकोणीस मार्चचा संत जोसेफ शुक्रवारी कधी आलाच नव्हता. फादरांनी समजावून सांगितलं की एरवी मोठ्या सणाला शुक्रवार सुटतो, पण या चाळीस दिवसांत सुटत नाही. बिशपसाहेबांची परवानगी लागते, आणि नागपूरला पत्र जाऊन यायला आठवडा.

मंगरू ऐकत उभा होता. इतका आनंद त्याला स्वतः मानकरी झाला तेव्हाही झाला नसेल. "डाळ पाह्यजे का गा?" तो म्हणाला. "माह्या घरी आहे अजून."

घरी त्याच्या बायकोनं, नंदाबाईनं, कपाळाला हात लावला. "खुशालभाऊले पत्रात बकरा लिहिला ना तुमी? वजनासकट लिहिला! आता डाळ वाढा अन् पोरगी ठेवा घरीच."

"मले का माहीत, बाबा शुक्रवारी येऊन राहिला म्हणून!"

धुरपता सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मासोळी तं चालते ना बाबा, शुक्रवारी."

चालत होती, पण होती केशोराव पाटलाच्या तलावात. तलाव त्याच्या आजोबांनी बांधलेला. त्यात जाळं पडायचं वर्षातून एकदा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि तेव्हा प्रत्येक घराला वाटा जायचा. त्याच्या आधी केशोरावनं जावयालाही जाळं टाकू दिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी बकाराम बकऱ्याला दोरीनं ओढत केशोरावच्या अंगणात गेला.

"काऊन गा, इसाई करायले आणला का याले?" केशोराव खाटेवरून म्हणाला.

बकारामनं सगळं सांगितलं. केशोरावनं बकऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला, फासळ्या दाबून पाहिल्या.

"म्हणजे तुमच्या देवानं हा बकरा तुमाले मना केला. आमाले त नाही केला?"

"तुमाले कायले करल जी?"

"मंग चाळीस घरं बकरा खातीन, सात घरं मासोळी. पण वाढीन मी. अन् मुंडी माही."

"बकरा माहा, अन् नाव तुमचं?"

"तलाव माहा, अन् सोयरा तुहा," केशोराव म्हणाला.

दुपारी ढिवरांनी जाळी टाकली. चार टोपली मरळ निघाली आणि झिंगे वेगळे.

शुक्रवारी मिस्सा झाली, मोहाच्या झाडांखालून पालखी निघाली. बकारामच्या खांद्यावर पुढचा उजवा दांडा होता, पण त्याचं लक्ष मागे चालणाऱ्या खुशालकडे. खुशाल पोट मोकळं ठेवून आला होता. चालताना तो वारंवार हवेचा वास घेई. आणि वारं नेमकं हिंदूंच्या पंगतीकडून येत होतं.

चर्चच्या मांडवात पानं मांडली. खुशालच्या पानात भात पडला, त्यावर चिंचेचा आंबट रस्सा आणि मरळीचा जाडजूड तुकडा. त्यानं पानाकडे पाहिलं, मग पलीकडच्या धुराकडे.

"पत्रात बकरा होता," तो म्हणाला.

"आहे जी, तिकडे. आज आपल्याले नाही चालत," बकाराम म्हणाला.

"मले माहीत आहे नाही चालत. मी पाहून राहिलो होतो, तुमाले माहीत आहे का नाही." खुशालनं तुकडा मोडला, चाखला, काटा बाजूला ठेवला. "पण ही मासोळी कोठची? आता कोणता तलाव उघडते?"

"केशोराव पाटलानं उघडला. तुमच्यासाठी."

खुशालचा हात थांबला. आमगावातही केशोरावच्या तलावाची आणि स्वभावाची ख्याती होती. त्यानं तिसऱ्यांदा रस्सा मागितला आणि तो नंदाबाईनं वाढल्यावर म्हणाला, "बकरा त कोणीबी कापते, वहिनी. आखाजीच्या आधी त्या माणसापासून तलाव उघडून घेणारा सोयरा मोठा माणूस. ईस्टर झाला का तारीख काढा."

मांडवाच्या खांबाआड कोणाच्या तरी हातातून पाण्याचा गडवा पडला. धुरपता होती.

खर्च असा पडला. बकरा बकारामचा गेला, आणि त्याबद्दल चाळीस घरांनी दुवा दिला केशोरावला. तेल, चिंच आणि दोन दिवसांची झोप नंदाबाईची गेली. खुशालनं मुलगा दिला, वर काही मागितलं नाही. केशोरावचं काहीच गेलं नाही. मुंडी मिळाली ती वेगळीच. राहिली मासोळी. तिचा खर्च आखाजीला सत्तेचाळीस घरांनी भरला, अर्धा अर्धा वाटा कमी घेऊन. त्यात मंगरूचंही घर होतं.