टोपीखालचे कान

मित्रांनो, मी एक जुना निळा कोट आहे. मखमली कॉलर, पितळी बटणे, आत रेशमी अस्तर. अस्तराचे मात्र आता नाव काढू नका, तिथे कसरीने संसार थाटला आहे.

जर्मनीत, बव्हेरियातल्या एका शिंप्याने मला ज्या मुलासाठी शिवले, तो वर्षभरात ताडमाड वाढला. मग मी मठातल्या बालगृहात दान म्हणून आलो. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. तिथली पोरे कुणाची, कुठली, कशाचाच पत्ता नव्हता. प्रत्येकाचा फोटो काढून शोधकार्यालयात पाठवायचा आणि कुणी आईबाप ओळखतात का याची वाट बघायची, असे ते दिवस.

सिस्टर कुनिगुंडे मोठी टापटिपीची. फोटोच्या दिवशी ती एकेका पोराला घासूनपुसून माझ्यात कोंबायची आणि माझ्या जोडीची टोपी कानांवर ओढायची. बारकी पोरे माझ्यात बुडून जात, थोराड पोरांच्या पाठीवर माझी शिवण कुरकुरे. फोटोत मात्र सगळी सरदारांची पोरे वाटत. "कोट फार छान येतो हो," असे फोटोग्राफर म्हणे आणि मी फुगे.

त्यांत चार वर्षांचा फ्रान्झल होता. हे नावही सिस्टरनेच ठेवलेले. त्याचे कान सुपाएवढे. "हे उघडे ठेवले तर कोण नेईल याला?" असे म्हणत तिने टोपी आणखी खाली ओढली. तो फोटो वर्षभर फिरला. कुणी ओळखेना. शेवटी फ्रान्झलला समुद्रापार दत्तक द्यायचे ठरले.

तेवढ्यात शोधकार्यालयातल्या लुद्मिलाबाईंना दोन नोंदी जुळताना दिसल्या. एक ब्रोन्याची. तिला युद्धात पोलंडहून इथल्या शेतावर सक्तीने राबायला आणले होते आणि तिचे तान्हे मूल हातातून काढून घेतले होते. दुसरी फ्रान्झलची. मूल नेल्याचे आणि सापडल्याचे गाव तेच, महिना तोच. बाई ब्रोन्याला घेऊन मठात आल्या. पाहुणे येणार म्हटल्यावर सिस्टरने फ्रान्झलला अर्थातच माझ्यात कोंबले.

ब्रोन्याने हातातला फ्रान्झलचा फोटो पाहिला, मग समोरचे पोर पाहिले. तिचे डोळे भरून आले.

"नाही हो बाई. हा कुणा जमीनदाराचा मुलगा दिसतोय."

"नीट बघ गं एकदा," लुद्मिलाबाई म्हणाल्या.

"किती बघू? उगाच दुसरीचं लेकरू कसं नेऊ?"

ती दाराकडे वळली. माझ्या आत फ्रान्झल घामाघूम झाला होता. त्याने टोपी उपटली आणि भिरकावली. दोन्ही कान फटकन बाहेर आले.

"अरे, टोपी घाल आधी," सिस्टर ओरडली.

ब्रोन्याने मागे पाहिले आणि धावत येऊन ते दोन्ही कान हातांत धरले. "अगं बाई, हे तर माझ्या सासऱ्यांचे कान. वारा सुटला की सासूबाई म्हणायच्या, धरा रे त्यांना कुणीतरी." ती हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. तिने नवऱ्याचा फोटो काढून दाखवला. त्यातही तेच कान. पुढची तपासणी रीतसर झाली, पण कुणाला शंका उरली नव्हती.

निघताना सिस्टरने ओशाळून मला आणि टोपीला पुढे केले. "प्रवासात गारठेल हो तो."

"कोट राहू द्या. मी घेईन की कुशीत," ब्रोन्या म्हणाली. "आणि टोपी तर नकोच. गावात शिरताना कान दिसले पाहिजेत."

आता मी त्याच शोधकार्यालयाच्या अभिलेखागारात, जुन्या कागदपत्रांशेजारी, काचेच्या कपाटात असतो. शेजारच्या खणांत माझ्यातली कितीतरी पोरे फोटोंच्या रूपात अजून बिननावाची पडून आहेत. म्हातारी झालेली माणसे येतात, फोटो चाळतात आणि विचारतात, "यातला मी कोणता?" प्रत्येक फोटोत मीच तेवढा स्पष्ट दिसतो.

मित्रांनो, माझी कसर झाडली नाहीत तरी चालेल. पण कुणा लेकराचा फोटो काढाल तेव्हा ते जसे आहे तसेच राहू द्या. त्याची आई त्याला तसेच शोधत असते.