शेरा : परिस्थिती उत्तम

रतनबाईंच्या घरातल्या खुर्चीवर टेकताच श्रीधररावांना ती ओळखीची वाटली. मरून रंगाची, प्लास्टिकची, डाव्या हातावर उदबत्तीने पडलेला डाग. मग चहा आला, तर कपावरचा मोरही ओळखीचा निघाला.

श्रीधरराव आले होते शनिवार पेठेतल्या वायुवेग क्रीडा मंडळाच्या प्रतिष्ठानातर्फे. गरीब घरांतली वेगवान मुलं निवडून त्यांना बूट, प्रशिक्षक आणि रोजची दोन अंडी द्यायची, हे प्रतिष्ठानाचं काम. मूल वेगवान आहे का, हे मैदानावर कळे. गरीब आहे का, हे श्रीधरराव घरी जाऊन ठरवत. एकतीस वर्षं रेशनिंग ऑफिसात लोकांची घरं तपासल्यामुळे आपली नजर पक्की आहे, असं त्यांचं मत होतं. इतरांचं तसं नव्हतं. पण बसने वाघोलीपर्यंत जायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

"या खुर्च्या तुमच्याच का हो?"

"आमच्या कुटल्या! कोपऱ्यावरच्या मांडववाल्याच्या हायत. वस्तीत कुनाकडं पाव्हनं आलं की फिरत्यात. मागल्या साली तुमी जरीनाकडं आलावता, तवा मीच नेऊन दिल्या की. कप बी माजंच."

श्रीधररावांनी कप खाली ठेवला. जरीनाच्या मुलीच्या, फरहतच्या अर्जावर मागच्या वर्षी त्यांनी लिहिलं होतं : 'बैठक व्यवस्था चांगली. कपबशा एकसारख्या. परिस्थिती उत्तम, मदतीची गरज नाही.' खाली लफ्फेदार सही.

रतनबाईंच्या मुलाचा, समर्थचा अर्ज त्यांनी इकडेतिकडे न बघता मंजूर केला आणि बाहेर येऊन मंडळाच्या चिटणीसाला फोन लावला.

"आमोद, मागच्या वर्षीची एक मुलगी राहिलीय. घ्यायला हवी."

"वय काय, काका?"

"चौदा उलटलं असेल."

"मग कसं घेणार? चौदाच्या आतलीच मुलं, ही अट तुमचीच. सभेत पाऊण तास बोलला होतात."

ते खरं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

जरीनाचं घर दोन दारं पलीकडे. या वेळी न कळवता गेल्यामुळे बसायला फक्त चटई होती. जरीना ओशाळली. "अहो साहेब, सांगून यायचं ना!"

श्रीधरराव खाली बसले. दोन्ही गुडघ्यांनी आवाज करून निषेध नोंदवला.

"जरीनाताई, चूक माझी झाली. मी खुर्च्या बघून नाव खोडलं."

"मग काय तुम्हाला उभं ठेवायचं होतं? घर बघायला माणूस येणार, घर नीट दिसायला नको?"

भिंतीशी बसून फरहत ब्लाउजना हूक लावत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे माझं टायमिंग खराब नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं, मी स्लो पडले. म्हणून प्रॅक्टिसच सोडली."

"सगळ्या वस्त्यांच्या मिळून यादीत तू पहिली होतीस."

"कितीने?"

श्रीधररावांना ते माहीत नव्हतं. बशा एकसारख्या आहेत की नाहीत, हे बघणाऱ्या माणसाने मैदानावरच्या वेळांचा कागद कधी वाचलाच नव्हता.

"आता घेणार का तिला?" जरीनाने विचारलं.

"नाही. वय बसत नाही. ती अटही माझीच. सभेत उभा राहून ती काढायला सांगेन. ऐकतीलच, असं नाही."

"साहेबांना रस्त्यापर्यंत सोड," एवढंच जरीनाने मुलीला सांगितलं.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर दिसलं, लांब थांब्यावर बस निघायच्या बेतात होती.

"तुम्ही या हळूहळू, मी थांबवते," फरहत म्हणाली. पायांतल्या सपाता तिथेच काढल्या आणि सुटली. रिक्षा, भाजीची गाडी, दोन स्कूटर मागे पडल्या. श्रीधरराव पहिल्यांदाच तिला पळताना बघत होते.

त्यांनी वाकून सपाता उचलल्या आणि चालू लागले.

ते पोचले तेव्हा बसच्या पायरीवर एक अनवाणी पाय रोवून ती उभी होती. कंडक्टर ओरडत होता. तिला धापसुद्धा लागली नव्हती. श्रीधररावांनी सपाता तिच्या पुढ्यात नीट जोडून ठेवल्या, आणि मगच दांडा धरून वर चढले.