तीन बोटं

थोरल्या नातीचं लग्न झालं, त्या वर्षी सुताराची कंबर गेली. तिला द्यायचं कपाट एकट्यानेच उचलायला गेला आणि जागच्या जागी बसला. तेव्हापासून तो पुढे झुकून चालायचा, डावा पाय बधिर पडायचा. घरात बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला दिवसातून चारदा कुशीवर वळवायचं काम त्याचंच.

डॉक्टरांनी फोटो दाखवला. खालचा एक मणका जागा सोडून पुढे सरकत होता. पट्टा बांधून दिवस निघतील, पण पाय जाईल. मणक्यांना आधार द्यायला लवचिक दांडे बसवतात, पण मणका एवढा सरकल्यावर ते पुरायचे नाहीत. राहिला तिसरा उपाय. स्क्रू आणि दांड्यांनी दोन मणके आवळायचे, मध्ये हाडाचा चुरा भरायचा, म्हणजे दोन्ही मिळून एक होतात.

"स्क्रू किती वर्षं धरतील?" सुताराने विचारलं.

"हाड जुळेपर्यंतच त्यांचं काम. नाही जुळलं तर तेही ढिले पडतात."

म्हणजे शिकंजा. सरस वाळेपर्यंत आवळून ठेवायचा. सुताराला पटलं. बायकोला पुन्हा वळवता येईल का, एवढंच त्याला हवं होतं. येईल, डॉक्टर म्हणाले, चार महिन्यांनी, हाड धरलं तर. पण वाकायचं नाही, पलंग उंच करून घ्या.

बायकोला लेकीने आपल्या गावी नेलं. ती गेल्यावर सुताराने पलंगाशी उभं राहून हाताचं माप घेतलं आणि चार ठोकळे कापून पलंगाच्या पायांखाली दिले. मग तो दवाखान्यात गेला.

परत आला तो ताठ. रिकाम्या पलंगाशी उभा राहिला, तर तळवे गादीच्या वर तीन बोटं लटकलेले. चाळीस वर्षांत त्याचं माप चुकलं नव्हतं.

शेजारचा शिंपी पोट धरून हसला. "मी गिऱ्हाईकाला आधी ताठ उभं करतो, मग टेप लावतो. तुम्ही वाकून माप घेतलंत, दादा."

बायकोला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हातारपणी उंची वाढली होय? आता शोभाल मला."

"ठोकळे नवे करतोय. तू ये फक्त."

"येते हो. मला का इथे करमतंय?"

फोन ठेवल्यावर घर पुन्हा गप्प झालं. दिवसाला एक ठोकळा, उभ्याउभ्याच कापला. शिंप्याने पलंग उचलून धरला आणि पायाने ठोकळे आत सरकवले. चादर सुताराने धुऊन घातली. उशी मात्र तिच्याबरोबर गेली होती.

चौथ्या महिन्याच्या फोटोत हाड धरलेलं दिसलं. "आता खुशाल वळवा बाईंना," डॉक्टर म्हणाले. सुतार बरं म्हणाला.

घरी येऊन तो पलंगाशी उभा राहिला. न वाकता दोन्ही तळवे गादीवर नीट टेकले.

त्याची बायको अकरा दिवसांपूर्वी, शुक्रवारी सकाळी, लेकीच्या घरी वारली होती.