गालावरचे खुंट

म्हाताऱ्या न्हाव्याकडे दाढी दोनदा होते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"काका, गाल सोलताय की काय? लग्नाला नाही चाललोय मी!" पोस्टमन वैतागला.

म्हाताऱ्याने वस्तरा पुसला. पहिल्या महायुद्धात तो पलटणीचा न्हावी होता. दाढीच्या खुंटांवर विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा घट्ट बसत नाही, म्हणून रोज प्रत्येकाचे गाल गुळगुळीत करायचे, असा सक्त हुकूम होता. एका सकाळी त्याच पलटणीतला धाकटा भाऊ कुरकुरला, "दादा, आज राहू दे ना, झोप येतेय." यानेही लाड केले, वस्तरा मिटला. दुपारी वायू आला.

म्हाताऱ्याने पोस्टमनच्या गालावरून उलटा हात फिरवला आणि पुन्हा साबण लावला.

"बस रे राजा," तो म्हणाला, "झोप आली तर इथेच झोप. मी थांबणार नाही."