पुसलेला लाल पट्टा

मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे. मित्रांनो, माझी कहाणी ऐकून डोळे पुसायची तयारी केली असेल, तर राहू द्या. माझ्या मनात राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

माझे धनी कारभारी यांनी मला खामगावच्या बाजारातून मेहकरजवळच्या त्यांच्या गावी आणलं. वीस वर्षं मी त्यांच्या पाठीवर बसून कपाशीवर विषारी औषध मारलं. बोंडं चांगली धरली की ते मला शाबासकीची थाप मारत. एकदा मला धुऊन ठेवलं होतं. माझ्यात उरलेलं पाणी वासरू प्यालं आणि सांजेपर्यंत मेलं. धनी लेकरासारखे रडले. मग त्यांनी माझ्या पोटाभोवती लाल रंगाचा पट्टा ओढला. हा पट्टा दिसला की पोरांनी हात लावायचा नाही. खंडेनवमीला सारी अवजारं देवापुढं मांडत, मला मात्र हळदकुंकू उंबऱ्याबाहेर मिळे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझी जागा मला ठाऊक होती.

धनी गेले आणि त्यांचा पुतण्या सागर यानं मला गोठ्यात फेकलं. कोंबड्या अंगावर बसल्या, तेही सोसलं. पण यंदा त्यानं मला चिंचेनं घासलं आणि लाल पट्टा खरवडून काढला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याला मला ऑनलाइन बाजारात विकायचं होतं. मोबाइलनं त्याला विचारलं, ही वस्तू धोकादायक मालाच्या यादीत बसते का? यादी न उघडताच त्यानं ‘नाही’वर बोट दाबलं. वर लिहिलं, ‘जुनं पितळी पात्र, सरबतासाठी उत्तम’. धन्यांची खूण पुसणाऱ्याचा सूड घ्यायचाच, असं मी ठरवलं.

फोटोसाठी त्यानं नळीच्या जागी तोटी बसवली आणि माझ्यात लिंबाचं सरबत भरलं.

“छकुले, गिलास धर अन् हास,” तो आपल्या पाच वर्षांच्या लेकीला म्हणाला.

सूड आयता चालून आला होता. पण ग्लास छकुलीच्या हातात होता. तिनं माझं काय वाकडं केलं होतं? सागरनं दांडा दाबला, तसा मी दांड्यापाशी सरबत अडवून धरणारा माझा कुजका चामडी वॉशर सोडून दिला. सारं सरबत सागरच्या तोंडावर उडालं. जुना उग्र दर्प अंगणभर पसरला.

धन्यांची बायको झुंबरबाई ओट्यावरून धावत आली. तिनं छकुलीच्या हातातला ग्लास हिसकून फेकला.

“काऊन बे सागर, डोये फुटले काय तुहे?”

“काकू, चांगला धुतला न मी त्याले!”

“वासरू मेलं तवाबी धुतेलच होता!”

सागरनं लेकीचे कोरडे ओठ पुन्हा पुन्हा पाहिले. मग मोबाइल काढून ती यादी वाचली, एकेक ओळ, बोट ठेवून. माझी जाहिरात त्यानं स्वतः काढून टाकली. झुंबरबाईनं त्याच्या हाती छिन्नी दिली.

“पाड भोक. पुन्हा कोनी ह्यात पानी भरू नये.”

घाव लागला. पण घालण्याआधी त्यानं छकुलीला माझ्यापासून लांब नेऊन बसवलं, ते पाहून मला बरं वाटलं.

मित्रांनो, विकण्याआधी यादी वाचा. वस्तूच्या पोटात काय होतं ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. घेणाऱ्याच्या घरीही एखादी छकुली असते.

आता नवा लाल पट्टा घालून मी सागरच्या दाराबाहेर टांगलेला आहे. काही विकायला काढलं की तो आधी यादी वाचतो, मग माझ्याकडं बघतो. मीही बघतो. माफ मी त्याला अजून केलेलं नाही.